हेवी लायसन्स काढू का? कोकणात ट्रकवर काम धरण्याआधी

लांज्याच्या एका २१ वर्षांच्या मुलाने विचारलं आहे. बारावी झालेला, साधं लायसन्स काढून दोन वर्षं झाली, मामाची पिकअप अधूनमधून चालवतो. हेवी लायसन्स काढून ट्रकवर जावं का, कोकणात राहून काम मिळेल का, काय काय लागतं, हातात किती पडतात, आणि 'अपघात झाला तर दहा वर्षं आत जाशील' असं आई म्हणते ते खरं का, असे त्याचे प्रश्न आहेत.

मी चिपळूणकडचा. आधी ट्रक चालवला, मग केमिकलचे टँकर. आता चिपळूणजवळच्या लोटे एमआयडीसीत एका ट्रान्सपोर्टच्या गाड्या आणि ड्रायव्हर सांभाळतो. नवीन येणाऱ्याची ट्रायल मीच घेतो, त्यामुळे स्टीअरिंगवरून दिसतं ते आणि ऑफिसातून दिसतं ते, दोन्ही सांगतो.

काम मिळेल, ती काळजी सोड. आमच्याकडे ड्रायव्हर नाही म्हणून गाडी उभी राहते, गाडी नाही म्हणून चांगला ड्रायव्हर घरी बसलाय असं सहसा होत नाही. जुने लोक थकले आणि त्यांच्या पोरांना हा धंदा नको आहे. (लग्नाच्या बाजारात ड्रायव्हरला काय भाव आहे ते तुला मी सांगायला नको.) पण ट्रकवर काम म्हणजे एकच नोकरी नव्हे. गाडीत माल कोणता भरतात, त्यावर तुझं अख्खं वर्ष ठरतं. घाटावर हा फरक थोडा कमी जाणवतो. आपल्याकडे पाऊस लागला की निम्मी वाहतूक झोपते, म्हणून इथं गाडीच्या आधी माल बघायचा.

आधी लायसन्सचं उरकून घेऊ. मालवाहू गाडीच्या लायसन्सला वय २० पूर्ण लागतं आणि एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं साधं लायसन्स किमान वर्षभर जुनं लागतं. तुझं दोन्ही आहे. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, हेवीचं लर्निंग काढायचं, डॉक्टरचं प्रमाणपत्र फॉर्म १-ए वर घ्यायचं, मान्यता असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (शिकल्याचा दाखला) जोडायचा. लर्निंग सहा महिने चालतं, पण टेस्ट पहिल्या ३० दिवसांत देता येत नाही. तुझं काम रत्नागिरीच्या आरटीओत. लायसन्स हातात आलं की त्यावर ट्रान्सपोर्टची नोंद आणि तिची मुदत वेगळी छापलेली असते, ती वाचून घे. ही मुदत पाच वर्षांची असते. कारची मुदत लांबची असते म्हणून लोक तिच्यावर निर्धास्त राहतात आणि ट्रान्सपोर्टची कधी संपली ते चेकपोस्टवर कळतं.

फॉर्म ५ गाडीला हात न लावताही मिळवून देणारे भेटतील. तिथे पैसे वाचवू नकोस. मी ट्रायल घेतो तेव्हा पहिल्या दोन वळणांत कळतं कोण शिकून आलाय आणि कोण कागद घेऊन आलाय.

दरम्यानच्या काळात पिकअप सोडू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. धोकादायक मालाचे नियम मात्र वेगळे. म्हणजे मामाची पिकअप भाड्यावर चालवणं कायद्यात बसतं. भरलेल्या गाडीचं वजन मागून कसं ढकलतं याची पहिली ओळख तिथेच होते.

आता मुख्य गोष्ट. स्कूलची गाडी रिकामी असते, सपाट रस्त्यावर चालते, आणि बहुतेक वेळा सहा चाकी असते. तुला नोकरी मिळेल ती दहा किंवा बारा चाकीवर, भरलेली, आणि घाटात. लोट्यातून चिपळूणला उतरायचं तर परशुराम घाट, चिपळूणहून कराडला चढायचं तर कुंभार्ली, तुमच्याकडून कोल्हापूरला जायचं तर आंबा किंवा अणुस्कुरा, खाली तळेऱ्याहून गगनबावड्याला करूळ. कोकणातला माल देशावर न्यायचा तर घाट चुकत नाही. आणि चढताना फार तर गाडी बंद पडेल, माणसं जातात ती उतरताना.

ट्रायलला मी परशुराम घाटच घेतो. पोरगा ब्रेक कसा मारतो हे नंतर बघतो. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर कधी पाडतो ते आधी. जुने लोक सांगायचे, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. इंजिनं बदलली तरी हे खोटं ठरलेलं नाही. उतारावर वेग आल्यावर खालचा गिअर टाकायला गेलास तर तो पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये राहते आणि मग फक्त ब्रेक उरतात. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली की ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात, जळका वास येतो. वास आला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. घाबरून ब्रेकचं पायडल पुन्हा पुन्हा दाबलं की ब्रेक ज्या हवेवर चालतात ती संपत जाते. हवेचा काटा खाली आला की बझर वाजतो, आणि अगदीच खाली गेला तर मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि चाकं धरतात. ओल्या वळणावर हे झालं तर गाडी कुठे जाईल ते तुझ्या हातात राहत नाही. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा), छोटा गिअर, आणि पायाचा ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडायचा. पावसाळ्यात रोज सकाळी हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं. काम पाच मिनिटांचं, पण अर्धे लोक करत नाहीत.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे तुला भेटतीलच, आणि कदाचित तेच तुझे उस्ताद असतील. नव्या इंजिनात गिअरात असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचतं काय, तर काही नाही. हे मी आमच्या वयस्कर ड्रायव्हरांना समजावून थकलो, तू तरी लक्षात ठेव.

टँकरचं आणखी वेगळं. टाकी अर्धी भरलेली असेल तर आतला द्रव वळणावर बाहेरच्या बाजूला झेपावतो आणि ब्रेक मारला की पुढे धडक देतो. गॅसच्या बुलेट टँकरचा भार उंचावर असतो, त्यामुळे ज्या वळणावर दहा चाकी ट्रक सहज निघतो तिथे बुलेट कलंडतो. हातखंबा-निवळी भागात गॅसचे टँकर उलटल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. २०२२ च्या सप्टेंबरात तर तुझ्याच तालुक्यात अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला, त्यात ड्रायव्हर गेला. आपल्या महामार्गाची अडचण ही की २०११ पासून चाललेलं चौपदरीकरण तुकड्यातुकड्यांनी झालं. मोकळा काँक्रीटचा रस्ता मिळाला म्हणून गाडी पळते, आणि अचानक डायव्हर्जन, खडी, जुनं वळण. रात्री पावसात तो बदल वेळेत दिसत नाही. चौपदरीवर मिळालेला वेग डायव्हर्जनच्या बोर्डाआधीच सोडून द्यायचा, बोर्डापाशी नाही.

आता माल. तुमच्या भागात पटकन काम मिळेल ते चिऱ्याच्या (बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या) गाडीवर, खडी-वाळूच्या डंपरवर नाही तर रस्त्याच्या कामाच्या टिपरवर. रोज घरी झोपायला मिळतं, म्हणून पोरांना आवडतं. पण पैसे खेपेवर असतात. पाऊस पडला की चिऱ्याच्या खाणी बंद, वाळू बंद, मातीकाम बंद. जूनपासून गणपतीपर्यंत मालक म्हणतो, गावाकडे भात लाव. मासळीच्या गाड्यांचंही तेच, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. आंब्याचं काम तर मार्च ते मे. रात्रभर पळायचं आणि पहाटे वाशीच्या मार्केटला लागायचं. त्यात पैसे बरे, झोप नाही, आणि जूनमध्ये काम संपलं. शिवाय गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्यावरच्या गाड्यांना शासन दर वर्षी बंदी घालतं. दूध, इंधन, गॅस, औषधं यांना सूट असते, चिऱ्याला नसते.

वर्षभर चालणारा माल दोन ठिकाणी आहे. एक बंदरं. न्हावा-शेवा म्हणजे उरण-पनवेलचा कंटेनर, जयगड, दिघी, आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर. कंटेनरला पाऊस लागत नाही, पण रांग लागते. यार्डात, गेटवर, कस्टमच्या कागदासाठी गाडी उभी राहते आणि ड्रायव्हर केबिनमध्ये. पैसे ट्रिपवर असतील तर तो उभा वेळ तुझ्या खिशातून जातो. वाढवणचं बंदर डहाणूजवळ होतंय, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली, खर्च ७६,२०० कोटींचा सांगितला आहे. तिथं आधी भराव आणि दगडाचं काम निघेल, म्हणजे डंपरचं. कंटेनर उभे राहायला बराच काळ जाईल. त्याच्या भरवशावर आज काही ठरवू नकोस.

दुसरं ठिकाण केमिकल आणि गॅस. लोटे, महाड, रोहा, नागोठणे, तळोजा, तारापूर. हे कारखाने पावसात बंद होत नाहीत आणि त्यांना कोणताही ड्रायव्हर चालत नाही. इथे तुझी बारावी कामाला येते. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला नियमाने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र लागतं, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे अशी अट आहे. लायसन्सवर तशी नोंद होते, ती तीन वर्षांची. पुढे नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग. आमच्याकडे गाडी उत्तम चालवणारे कितीतरी जण या इंग्रजीपाशी अडतात. सही करता येते, पण गाडीसोबतचं ट्रेम कार्ड, म्हणजे मालाच्या धोक्याचं सूचनापत्र, वाचता येत नाही. त्या कार्डावर लिहिलेलं असतं की सांडलं तर पाणी मारायचं की नाही, वाफ नाकात गेली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. काही रसायनांवर पाणी मारलं की प्रकरण आणखी भडकतं. गाडीच्या बाजूच्या पाटीवरचा यूएन नंबर (आत कोणतं रसायन आहे ते सांगणारा) अग्निशमनवाल्याला फोनवर सांगता आला तर गावंच्या गावं वाचतात. बारावी झालेल्या पोराला मी टँकरवर घेईन ते यासाठी.

पण लगेच नाही. माझं मत असं की पहिलं वर्ष दहा किंवा बारा चाकी ट्रकवर काढ, त्यातला सुरुवातीचा काळ सेकंड ड्रायव्हर म्हणून. पगार कमी मिळेल. क्लीनर आता बहुतेक गाड्यांवर नसतो, म्हणजे ताडपत्री, दोरी, टायर ठोकून बघणं, काट्यावर वजन, बिल्टी (मालाची पावती) आणि ई-वे बिलाचे कागद हे सगळं तुलाच येतं. ते चांगलंच आहे. एक पूर्ण पावसाळा घाटात काढलास की टँकरसाठी विचार. काही मालक ड्रायव्हर मिळत नाही म्हणून नवख्यालाच ट्रेलरवर चढवतात. तिथे नाही म्हण.

पैशाचं. माझ्या आसपास, लोटे-चिपळूण पट्ट्यात, नवख्याला पगार-भत्ता धरून साधारण १८ ते २० हजार आणि टँकरवर मुरलेल्याला ३० च्या पुढे, असं चालतं. पण आकडा ऐकून काम धरू नकोस. महिन्याचा पगार किती आणि ट्रिपची खर्ची किती, हे वेगळं काढून विचार. खर्चीत जेवण, पंक्चर, पार्किंग, रस्त्यात द्यावं लागणारं काय काय धरलंय? गाडी दोन दिवस गेटवर उभी राहिली तर त्या दिवसांचा भत्ता कोण देणार? डिझेलचं अ‍ॅव्हरेज किती धरलंय, आणि घाटातल्या ट्रिपला तेच की वेगळं? उतरवताना माल वजनात कमी निघाला तर शॉर्टेज कोणाच्या नावावर? चलान आलं तर कोण भरणार? पीएफ आहे का? उभ्या दिवसांचा प्रश्न सर्वात आधी विचार. जो मालक त्याला सरळ उत्तर देतो तो बाकी व्यवहारातही बहुधा सरळ असतो. कायदा दिवसाला आठ तास काम सांगतो; रस्त्यावर ते कोण पाळतं हे मी सांगायला नको, पण सलग पाच तासांपुढे विश्रांती न घेता हाकणारा ड्रायव्हर मी तरी ठेवत नाही.

रो-रोबद्दल तुला माहीत असेल. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाडहून वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेते, पुढे सुरतकलपर्यंतही. ड्रायव्हर गाडीसोबतच जातो. गोवा-कर्नाटकचं काम असेल तर मालक रो-रो वापरतो का विचार, आणि त्या दिवसाचा भत्ता कापतो का तेही.

ओव्हरलोडवर एकच सांगतो. दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा आहे, तो मालक भरेल असं म्हणतील. घाटात ब्रेक तापतील तेव्हा तो मालक शेजारी बसलेला नसेल. काट्याची पावती मोबाइलमध्ये ठेव.

आता आईची भीती. दहा वर्षांची गोष्ट आली ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मधून. अपघात करून, पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळून गेला आणि माणूस मेला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते कलम. जानेवारी २०२४ मध्ये यावरूनच देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम लागू केलं नाही. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा मात्र आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि पोलिसांना कळवायचं. पण जमाव चालून येत असेल तर थांबून मार खा असं कायदा म्हणत नाही, ती सवलत कलमातच लिहिली आहे. तेव्हा जीव वाचवायला बाजूला झालास तरी ११२ ला फोन कर, जवळच्या ठाण्यात स्वतः जा. पळालेल्याचं आणि कळवलेल्याचं प्रकरण कोर्टात एकसारखं राहत नाही. आणि प्यायलेला सापडलास तर वरचं काहीच उपयोगी नाही.

रस्त्याइतकीच भीती शरीराची आहे, ती आईने अजून धरलेली नाही. कंबर, साखर, रक्तदाब, डोळे. चाळिशीच्या आत ड्रायव्हर यांतलं एक तरी घेऊन येतो. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा केला आहे, त्यामुळे नवी गाडी मिळाली तर उन्हाळा बरा जाईल. जुनी मिळाली तर घामात. ढाब्यावरचं तेल कमी खा, बाकी मी डॉक्टर नाही.

तू विचारलं नाहीस, पण वर्षभरात कोणीतरी आखाताचं काढेलच. खेड, दापोली, श्रीवर्धनकडे घरटी एक माणूस तिकडे आहे. हेवी ड्रायव्हरला तिथे काम असतं आणि पैसे इथल्यापेक्षा जास्त, हे खरं. पण तिथे स्टीअरिंग डावीकडे, वाहतूक उजवीकडून, आणि इथलं लायसन्स दाखवून थेट ट्रक देत नाहीत. तिथली परीक्षा द्यावी लागते. दहावीच्या पुढे शिकल्यामुळे तुझ्या पासपोर्टवर ईसीआरचा (कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा) शिक्का येणार नाही, म्हणजे सरकारी तपासणीही तुझी सक्तीने होणार नाही. तेव्हा तपासणं तुझ्यावर. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघ. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. लाखाच्या गोष्टी करणाऱ्याला आणि 'आझाद व्हिसा' (ठरलेला मालक नसलेला) म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. करारावर हेवी ड्रायव्हर लिहिलंय की घरगुती ड्रायव्हर, ते वाच. घरगुतीवर गेलेली पोरं वर्षानुवर्षं मालकाच्या मुलांना शाळेत सोडत बसली आहेत. इथला दोन-तीन वर्षांचा घाटाचा अनुभव घेऊनच त्या वाटेला जा.

एसटीची भरती निघाली तर अर्ज करून ठेव. तिला हेवी लायसन्ससोबत प्रवासी वाहनाचा बॅज लागतो, आणि जाहिरातीत दर वेळी शिक्षण, उंची आणि अनुभवाच्या अटी येतात त्या नीट वाच. तिच्यासाठी थांबून राहू नकोस.

एक राहिलं. कामावर घेताना काही मालक मूळ लायसन्स स्वतःकडे ठेवून घेतात, पोरगा मध्येच सोडून जाऊ नये म्हणून. ते देऊ नकोस. झेरॉक्स दे. रस्त्यावर पोलिसांना डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन्स नियमाने चालतं, त्यामुळे मोबाइलमध्येही ठेव. मूळ कार्ड घरी आईकडे असू दे आणि कामाला लागताना पगार, भत्ता आणि उभ्या दिवसांचा हिशेब एका कागदावर मालकाच्या सहीने घे. लोट्याकडे आलास तर सकाळी दहाच्या आधी ये, नंतर गाड्या सुटतात आणि मला वेळ नसतो.